एलिमिनेशन जमत नाही, म्हणून सेंद्रिय रसायन सोडावे का?

तुमचे पत्र मिळाले. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, पुढे सेंद्रिय रसायनात संशोधन करण्याची इच्छा आहे, परंतु अल्किल हॅलाइडच्या (कार्बनला क्लोरीन, ब्रोमीन असा हॅलोजन जोडलेल्या संयुगांच्या) प्रकरणातील ई१, ई२ (एलिमिनेशन, म्हणजे रेणूतून हायड्रोजन आणि हॅलोजन निघून दुहेरी बंध तयार होणे), एसएन१ आणि एसएन२ (हॅलोजनची जागा दुसऱ्या गटाने घेणे) यांची कोष्टके तीन वेळा पाठ करूनही परीक्षेत गोंधळ उडाला, तेव्हा विषयच बदलावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे : विषय सोडू नका, कोष्टके सोडा.

२-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेन हे एकच उदाहरण घ्या. सोडियम इथॉक्साइड हा लहान बेस (हायड्रोजन उचलणारा पदार्थ) वापरला, तर सुमारे ७० टक्के २-मिथाइल-२-ब्युटीन मिळते, कारण अधिक प्रतिस्थापित अल्कीन, म्हणजे दुहेरी बंधाला जास्त कार्बन-गट जोडलेले संयुग, अधिक स्थिर असते. झायत्सेव्ह यांनी १८७५ मध्ये मांडलेला नियम तो हाच. पण त्याच रेणूवर पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड वापरले, की प्रमाण जवळपास उलटे होते, कारण हा अवजड बेस आतल्या हायड्रोजनपर्यंत सहज पोहोचू शकत नाही आणि कडेच्या मिथाइल गटातला हायड्रोजन उचलतो. हे ज्याला दिसले, त्याला पाठ करण्यासारखे फारसे उरत नाही.

आता मेंथिल क्लोराइडचे मॉडेल स्वतःच्या हातांनी जोडा. ई२ साठी हायड्रोजन आणि क्लोरीन एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशांना, म्हणजे १८० अंशांवर असावे लागतात. षट्कोनी वलयात याचा अर्थ दोन्ही अक्षीय, म्हणजे वलयाच्या सरळ वर किंवा खाली, हवेत. या रेणूच्या स्थिर खुर्ची-रचनेत (वलयाच्या खुर्चीसारख्या आकारात) क्लोरीन अक्षीय नसतो, त्यामुळे वलयाला आधी उलटावे लागते, आणि उलटल्यावर योग्य जागी एकच हायड्रोजन सापडतो. म्हणून झायत्सेव्हच्या नियमाविरुद्ध केवळ २-मेंथीन, म्हणजे कमी प्रतिस्थापित अल्कीन, तयार होते. निओमेंथिल क्लोराइड या त्याच्याच वेगळ्या त्रिमितीय मांडणीच्या रेणूत क्लोरीन मुळातच अक्षीय असल्याने तीच अभिक्रिया सुमारे २०० पट वेगाने होते. मॉडेल फिरवताना हे कारण तुम्हाला आपोआप कळले, तर या विषयाची बुद्धी तुमच्याकडे आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

नोकरीबद्दलही तुम्ही विचारले आहे. औषधनिर्मितीतील प्रक्रिया-विकास विभागात नेमका हाच विचार रोज करावा लागतो : हॅलाइडवर अमाइनची अभिक्रिया करताना एलिमिनेशन होऊन अल्कीनची अशुद्धी आली, तर बेस बदलावा, द्रावक बदलावा की तापमान उतरवावे, कारण तापमान वाढले की एलिमिनेशनचे पारडे जड होते. पीव्हीसीसाठी लागणारे व्हिनाइल क्लोराइडसुद्धा १,२-डायक्लोरोइथेन सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवून, त्यातून हायड्रोजन क्लोराइड काढूनच बनवतात.

पुढचे दोन महिने रोज एक अभिक्रिया इलेक्ट्रॉनांचे बाण काढून सोडवा आणि प्रत्येक बाणाशेजारी त्याचे कारण एका वाक्यात लिहा. त्यानंतरही हे काम कंटाळवाणे वाटले, तर विश्लेषणात्मक रसायनाचा विचार अवश्य करा. मात्र तो निर्णय या एका परीक्षेतल्या गुणांवरून घेऊ नका.