एमआरआयमध्ये ‘सी५-सी६ डिस्क बल्ज’ (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती फुगलेली) आलंय. एक डॉक्टर नस दबलीय म्हणतात, दुसरे स्नायूंचं दुखणं. कुणाचं खरं मानायचं?

दुखणं मान-खांद्यापुरतंच असेल आणि हातात मुंग्या, बधिरपणा किंवा कमजोरी नसेल, तर स्नायूंचं म्हणणारे डॉक्टर बरोबर असण्याची शक्यता जास्त. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे रिपोर्ट नेहमी बघते. ‘बल्ज’ वाचून माणूस घाबरतो, पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात मानेचा काहीच त्रास नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले, तर ८७.६ टक्क्यांच्या डिस्क फुगलेल्या निघाल्या. (रिपोर्टमधलं ‘स्पॉन्डिलोसिस’ही बहुतेकदा वयाची झीजच, केस पिकावेत तशी.) आणि स्नायूंच्या गाठी एमआरआयमध्ये सहसा दिसतच नाहीत, त्या हाताने दाबून शोधाव्या लागतात.

नस खरंच दबली असेल तर दुखणं किंवा मुंग्या साधारण ठरलेल्या वाटेने हातात उतरतात (सी६, सी७, सी८ ही मानेतून निघणाऱ्या नसांची नावं):
- सी६ : अंगठ्याकडे
- सी७ : मधल्या बोटाकडे
- सी८ : करंगळीकडे

सी५-सी६ मध्ये सहसा सी६ ची नस दबते. म्हणून तुमची करंगळी बधिर होत असेल, तर रिपोर्ट आणि लक्षण जुळत का नाही, हे डॉक्टरांना सरळ विचारा. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत रात्री मुंग्या येत असतील तर गडबड मनगटात असू शकते. तिथे एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघणारी) तपासणी उपयोगी पडते.

मात्र चालताना तोल जाणं, शर्टाची बटणं लावता न येणं, लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काहीही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच न्यूरोसर्जन किंवा स्पाइन सर्जनकडे जा.