सासूबाईंच्या हातात कुठला रिमोट द्यायचा?

यावेळी वाचकांची पत्रं आणि मेसेज उघडून बघितले तर जवळजवळ सगळीच रिमोटबद्दल, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या टीपॉयवर सध्या पाच रिमोट पडलेले असतात, टीव्हीचा, सेट टॉप बॉक्सचा, फायर स्टिकचा, साउंडबारचा आणि एसीचा. आम्ही दोघं कामावर गेलो की दुपारी सासूबाई एकट्याच घरी, वय ७६. परवा त्यांच्याकडून टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबलं गेलं आणि स्क्रीनवर नो सिग्नल आलं, त्यांना वाटलं टीव्ही बिघडला, म्हणून मेन स्विच बंद करून तशाच बसून राहिल्या. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं तर म्हणाल्या, "अगं माझ्याकडनं मोडला बघ." मला फार वाईट वाटलं. सगळ्याला मिळून एकच रिमोट होतो का?
— एक सूनबाई, विश्रामबाग, सांगली

उत्तर: ताई, ते "माझ्याकडनं मोडला" वाचलं आणि सगळ्यात आधी तुमचंच उत्तर लिहायला घेतलं. सासूबाईंना आज रात्रीच शेजारी बसवून सांगा की रिमोटचं कुठलंही बटण दाबून टीव्ही मोडत नाही, आणि नुसतं सांगू नका, त्यांच्याच हातानं सोर्स दाबायला लावा, नो सिग्नल येऊ दे, आणि परत त्यांच्याच हातानं चित्र आणायला लावा. दोनतीन वेळा करा. एकदा भीती बसली की म्हातारं माणूस त्या वस्तूच्या वाटेलाच जात नाही, आणि मग दुपारभर घर नुसतं गप्प.

आता एका रिमोटचं. होतो, पण घरातल्या सगळ्यांसाठी एक करायच्या मागे लागू नका, सासूबाईंसाठी एक करा. तुम्हा दोघांना पाच रिमोट जमतायत, जमू देत. त्यांना दुपारी लागतं काय? टीव्ही लावायचा, चॅनेल बदलायचं, आवाज कमीजास्त करायचा, बंद करायचा. एवढं एका रिमोटवर आलं की झालं, आणि तो रिमोट सेट टॉप बॉक्सचाच हवा कारण चॅनेल त्या बॉक्समधनंच येतात. टीव्हीचा रिमोट त्यांच्या हाताला लागणार नाही असा शोकेसच्या वरच्या कप्प्यात ठेवून द्या, निम्मा त्रास तिथंच संपला.

बॉक्सच्या बऱ्याच रिमोटवर एका कोपऱ्यात टीव्ही असं लिहिलेली चारपाच बारकी बटणं असतात, त्यांना टीव्हीच्या रिमोटची भाषा शिकवता येते. तुमच्यावर ती नसतील तर रिमोटच्या दुकानात लर्निंगवाला रिमोट मागा, हजाराचा घ्यायची काही गरज नाही. शिकवायची रीत बहुतेक रिमोटांत अशी असते: सेटचं बटण दाबून धरायचं, लाल लाइट लागून राहिला की ज्या बटणाला शिकवायचंय ते एकदा दाबायचं, मग टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर तोंडाला तोंड लावून दोनचार बोटं अंतरावर धरायचा आणि त्यावरचं पॉवर दाबायचं, लाइट लुकलुकला की शिकलं. तसंच आवाज वाढवायचं आणि कमी करायचं, मग परत सेट दाबून बाहेर. दोन्ही रिमोट टेबलावर सपाट ठेवूनच करा, हातात धरून करायला गेलं की हलतं आणि मग तासभर त्यातच जातो.

साउंडबारसाठी मात्र वेगळी गोष्ट आहे. तो टीव्हीला कुठल्या वायरनं जोडलाय ते मागं जाऊन बघा. एचडीएमआयच्या वायरनं, टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या सॉकेटमध्ये जोडला असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसी चालू करा. सीईसी म्हणजे एचडीएमआयच्या वायरीतनंच एक यंत्र दुसऱ्याला हुकूम देतं ती सोय, आणि गोंधळ असा की प्रत्येक कंपनीनं तिला वेगळं नाव दिलंय, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, त्यामुळे सीईसी शब्द शोधत बसाल तर सापडायचा नाही. हे चालू झालं की टीव्हीचा आवाज वाढवला की साउंडबारचाच वाढतो, टीव्हीबरोबर तो लागतो आणि बंद होतो, म्हणजे साउंडबारचा रिमोट टीपॉयवरनं उठला. बारक्या चौकोनी टोकाची ऑप्टिकल वायर असेल तर हे होणार नाही, तिच्यातनं फक्त आवाज जातो. वायर बदला, तेवढा खर्च करण्यासारखा आहे.

फायर स्टिक तुमच्यासाठी, तिच्या रिमोटला हात लावू नका. फक्त एक लक्षात ठेवा, सीईसी चालू असेल तर त्या रिमोटचं होम बटण दाबलं की टीव्ही आपोआप स्टिकवर जातो. सासूबाईंच्या हाती तो लागला तर पुन्हा तेच.

माझी आत्या सांगलीच्या गावभागात राहते. मागच्या दिवाळीत एक दुपार मी नुसती तिच्या शेजारी बसून ती रिमोट कसा वापरते ते बघत होते. ती रिमोटकडे बघतच नाही. टीव्हीसाठी लांबचा चष्मा लावलेला असतो, त्यातनं हातातली बटणं पुसट दिसतात, म्हणून ती अंगठ्यानं चाचपत जाते, आधी वरचा काठ, मग पॉवर, आणि तिच्या रिमोटवर पॉवरच्या अगदी लगत सोर्स, अंगठा जरा सरकला की गेलं चित्र. तिनं स्वतःच उपाय काढलेला, पॉवरच्या बटणावर जाड मखमली टिकली चिकटवलेली. आठपंधरा दिवसांनी निघते, ती पाकिटातली दुसरी लावते. मी फक्त सोर्सच्या बटणावर पुठ्ठ्याचा चिमुकला तुकडा ठेवून वरनं चिकटपट्टी मारून दिली आणि आवाजाच्या वरच्या बटणावर आणखी एक टिकली. पाचच्या आकड्यावर कंपनीनंच बारका उंचवटा दिलेला असतो बऱ्याच रिमोटवर, त्यावरनं बाकीचे आकडे कळतात, हे तिला दाखवल्यापासून ती आवडीच्या चॅनेलचा नंबर न बघता दाबते. तुम्हीही एक दुपार सुट्टी काढून नुसत्या शेजारी बसा. कुठला रिमोट घ्यायचा ते दुकानदारापेक्षा सासूबाईंचा अंगठा तुम्हाला नीट सांगेल.

राहिला एसीचा, तो यात मिसळूच नका. टीव्हीचा रिमोट एका बटणाचा एक निरोप पाठवतो, एसीचा रिमोट मात्र प्रत्येक वेळी सगळंच पाठवतो, किती डिग्री, कूल का फॅन, पंखा किती जोरात, सगळं एका दमात. म्हणून तर त्याला स्वतःची काचेची पट्टी असते. एवढा मोठा निरोप साध्या लर्निंग रिमोटला बहुधा शिकता येत नाही. एसीचा रिमोट भिंतीवर त्याच्या खोबणीत, एसीखालीच.

प्रश्न: एकाच पॉवर बटणानं टीव्ही आणि बॉक्स दोन्ही चालू होतील असं सेटिंग मुलानं करून दिलं, पण अधूनमधून टीव्ही चालू होतो आणि बॉक्स बंद होतो, परत दाबलं की उलटं. वैताग आलाय.
— एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर: सर, चालू आणि बंद दोन्हीला एकच निरोप जातो म्हणून असं होतं, एक जण एकदा चुकला की दोघांची पावलं कायम उलटी पडतात. बॉक्सच्या तोंडापुढं तळहात आडवा धरा आणि एकदा पॉवर दाबा, निरोप फक्त टीव्हीला जाईल आणि दोघं परत एका रांगेत येतील. रोजच होत असेल तर मुलाला सांगून दोन वेगळी बटणं करून घ्या, तेच बरं.

प्रश्न: सेल नवीन घातले तरी रिमोट चालत नाही. दुकानदार म्हणतो नवाच घ्या. रिमोट खरंच गेला का हे घरी कळतं का?
— वाचक, कुपवाड

उत्तर: कळतं, आणि दादा, नवा घ्यायच्या आधी हे कराच. मोबाईलचा कॅमेरा चालू करा, रिमोटच्या तोंडावरचा बल्ब कॅमेऱ्याकडे करून कुठलंही बटण दाबून धरा आणि स्क्रीनवर बघा. जांभळट पांढरा उजेड लुकलुकताना दिसला तर रिमोट जिवंत आहे. हा उजेड इन्फ्रारेड, साधारण ९४० नॅनोमीटरचा, आपल्या डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीचा कॅमेरा वापरून बघा, मागच्यावर बऱ्याचदा हा उजेड अडवणारी काच असते. फायर स्टिकचे रिमोट ब्लूटूथवर चालतात, पॉवर आणि आवाजाची बटणं सोडली तर त्यांच्या बाकीच्या बटणांना असा उजेड येत नाही, ते बिघडले समजू नका, होमचं बटण १० सेकंद दाबून परत जोडून बघा.

बटण न दाबताच उजेड येत असेल तर एखादं बटण आत अडकलंय, त्यामुळंच सेल लवकर उतरतात आणि दुसरी बटणं चालत नाहीत. उजेड अजिबात नसेल तर सेलच्या स्प्रिंगा बघा. आपल्याकडं पावसाळ्यात चार महिने दमट, त्यात जुने सेल तसेच राहिले की पाझरतात आणि पांढरी पूड धरते. अल्कलाइन सेलची पूड असेल तर कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबू लावून पुसा, मग कोरड्या कापडानं पुसून तासभर वाळू द्या. काही बटणं चालतात आणि काही नाही असं असेल तर आतलं रबर मळलंय, उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलक्या हातानं पुसा. आणि जुना एक, नवा एक असे सेल कधीच घालू नका, दमलेला सेल आधी पाझरतो.

प्रश्न: आमचं घर पश्चिमेला तोंड करून आहे, साताऱ्यात गोडोलीत. संध्याकाळी चारनंतर रिमोट चालतच नाही, टीव्हीच्या अगदी जवळ जावं लागतं, रात्री परत व्यवस्थित. हे काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर: उन्हामुळं. उन्हातही इन्फ्रारेड असतं, आणि कलतं ऊन थेट टीव्हीच्या खालच्या काळ्या काचेवर पडलं की आतला सेन्सर दिपतो, रिमोटचा बारका उजेड त्याला ओळखू येत नाही. तसा तो ओळखू यावा म्हणूनच रिमोट आपला उजेड सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकवतो, पण थेट उन्हापुढं तेही कमी पडतं. ही अडचण आजची नाही, बिनवायरचा पहिला टीव्ही रिमोट १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी काढला तेव्हापासूनची आहे, तो साध्या उजेडाच्या झोतावर चालायचा आणि खोलीत ऊन आलं की टीव्ही आपोआप चॅनेल बदलायचा. दुसऱ्याच वर्षी त्यांच्याच कंपनीत रॉबर्ट अॅडलर यांनी उजेड सोडून कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचा रिमोट केला. तुम्ही मात्र तेवढा एक पडदा ओढा, नाहीतर टीव्ही हातभर बाजूला सरकवा.

प्रश्न: नातू पावणेदोन वर्षांचा आहे, बारक्या स्पीकरचा चपटा रिमोट तोंडात घालत असतो. घालू द्यावा का?
— आजी, मिरज

उत्तर: नाही आजी, आजच काढून घ्या. त्या चपट्या रिमोटमध्ये रुपयासारखा गोल बटण सेल असतो आणि त्याचं झाकण पोरं दातानं काढतात. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतनं भाजतं, सेल उतरलेला असला तरी. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढू नका, शी मधून पडेल म्हणून वाट बघू नका, एक्स-रे असलेल्या मोठ्या दवाखान्यात लगेच न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. झाकणाला स्क्रू नसेल तर चिकटपट्टीचे दोनतीन वेढे मारा आणि रिमोट उंचावर ठेवा. काढलेला जुना सेलही तसाच चिकटपट्टीत गुंडाळून ठेवा, ड्रॉवरमध्ये मोकळा टाकू नका.

प्रश्न: हॉलमध्ये रिमोटचे दोन पंखे एकाच कंपनीचे बसवले, एकाचा वेग बदलला की दुसऱ्याचाही बदलतो.
— वाचक, माधवनगर

उत्तर: दोघांची भाषा एकच आहे. एक पंखा भिंतीवरच्या बटणानं बंद करा, दुसऱ्याचा वेग लावा, मग पहिला चालू करा. बरेचसे पंखे आधीचा वेग लक्षात ठेवतात.

प्रश्न: २०१९ च्या पुरात आम्ही टीव्ही माळ्यावर नेला म्हणून वाचला, रिमोट मात्र खाली राहिला तो गेला. तेव्हापासून टीव्हीच्या मागच्या बटणावरच चालवतोय. वडील म्हणतात टीव्ही चांगला आहे, टाकायचा नाही. त्या मॉडेलचा रिमोट कुठंच मिळत नाही.
— वाचक, सांगलवाडी

उत्तर: वडिलांचं बरोबर आहे, टाकू नका. त्या पाण्यातनं उचलून वर नेलेली वस्तू आहे ती. टीव्हीच्या पाठीवर कागदी लेबल असतं, त्यावरच्या मॉडेल नंबरचा नीट फोटो काढा आणि तो दाखवून युनिव्हर्सल रिमोट मागा, नुसतं कंपनीचं नाव सांगू नका, एकाच कंपनीत चारपाच तऱ्हेचे रिमोट असतात. बरोबर कोडचा कागद येतो, त्यात कंपनीपुढचे नंबर एकेक करून घालून बघायचे. कागदातला एकही लागला नाही तर बऱ्याच रिमोटांत आपोआप शोधायची सोय असते, टीव्ही चालू ठेवायचा, सेट करून पॉवर दाबून रिमोट त्याच्याकडं धरून ठेवायचा, तो एकामागून एक कोड पाठवत राहतो आणि टीव्ही बंद झाला त्या क्षणी बटण दाबून थांबवायचं. पाचदहा मिनिटं लागू शकतात, हात दुखतो, वडिलांना शेजारी बसवा आणि टीव्ही गेला की ओरडायला सांगा. कोड लागला की तो नंबर रिमोटच्या आत, सेलच्या झाकणाच्या मागं पेननं लिहून ठेवा. सेल बदलताना काही रिमोट कोड विसरतात.