मोहाची पहिली चाहूल

प्रिय तरुण मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

मोह समोर उभा राहिला की काय करावे, असे तू विचारलेस. त्याच्या बऱ्याच आधीचे सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच हरतात.

मोह होणे म्हणजे पाप नव्हे. प्रभू येशूचीही परीक्षा झाली आणि तो निष्पाप राहिला (इब्री 4:15). हे मनात पक्के नसेल, तर नुसता विचार आला तरी 'आता पडलोच आहे' असे म्हणून माणूस उरलेली वाटही चालून जातो. याकोब 1:14-15 मध्ये क्रम स्पष्ट आहे: वासना ओढते, भुलवते, मग पापाला जन्म देते. ओढ जाणवते तीच इशाऱ्याची वेळ, आणि तेव्हा नकार द्यायला फारसे बळ लागत नाही.

2 शमुवेल 11 पहिल्या वचनापासून वाच. राजांनी लढाईला जाण्याच्या दिवसांत राजा दावीद यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याने एका स्त्रीला आंघोळ करताना पाहिले, मग तिची चौकशी केली. उत्तर आले: ती उरीयाची बायको. उरीया तर त्याच्याच शूर वीरांपैकी एक! ते उत्तर हाच देवाने दिलेला इशारा होता, तरी दावीदाने तिला आणायला माणसे पाठवली. घरी राहणे, गच्चीवर फिरणे, चौकशी करणे, यांतले एकही वरवर पाहता पाप नाही. म्हणूनच 'यात चूक काय?' असा प्रश्न स्वतःला वारंवार पडू लागला, तर सावध हो.

तुझे इशारे असे असतील: मोबाइलची स्क्रीन कोणी आल्यावर झाकावीशी वाटणे, एखादे संभाषण पुसून टाकणे, ठरावीक व्यक्तीला भेटायला कारण शोधणे, प्रार्थना टाळणे, कोणी प्रेमाने टोकले की राग येणे. दमलेला, एकटा किंवा दुखावलेला असशील तेव्हा जास्त जप. मोठ्या आत्मिक आशीर्वादानंतरही जप. सैतान येशूला सोडून गेला तो फक्त संधी मिळेपर्यंत (लूक 4:13).

इशारा ओळखलास की मनाशी वाद घालू नकोस, जागा बदल. योसेफाने आपल्या मालकाच्या बायकोला रोज नकार दिला, तिच्याजवळ राहणेही टाळले, आणि शेवटी वस्त्र तिच्या हाती सोडून पळाला (उत्पत्ति 39). मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, भेट रद्द कर. एखादे वचन आधीच पाठ असू दे. सैतानाने मोहात पाडू पाहिले तेव्हा येशूने तिन्ही वेळा 'अनुवाद' या पुस्तकातले वचन उच्चारले. ऐन वेळी शोधू लागलास तर सापडत नाही.

आणि एका परिपक्व विश्वासणाऱ्याला सांग. तू मुलगा आहेस, म्हणून पुरुषाला. 'माझ्यासाठी प्रार्थना करा' एवढ्यावर भागवू नकोस. कोणता मोह, कधी, कुठे, हे सांग, आणि त्यांनी दर आठवड्याला नेमके तेच विचारावे असे ठरव. 'मी सांभाळेन' हा निश्चय एकट्याने टिकत नाही. येशूचा शिष्य पेत्र याने तो मनापासूनच केला होता, पण गेथशेमाने बागेत जागे राहून प्रार्थना करण्याऐवजी तो झोपला, आणि त्याच रात्री त्याने येशूला नाकारले.

तरीही पडलास तर रविवारची वाट पाहू नकोस. त्याच दिवशी देवापुढे कबूल कर (1 योहान 1:9) आणि त्याच व्यक्तीला कळव.

पुढच्या पत्रात तुझी धोक्याची वेळ आणि जागा कोणती, ते लिही.

तुझा,
प्रभूमध्ये बंधू