क्राउड लिहू की मॉब?
अरे, संध्याकाळी दादरच्या पुलावर असते ती क्राउड. नुसती गर्दी, कुणाचा कुणावर राग नाही. तिथे मॉब लिहिलंस तर वाचणाऱ्याला हातातले दगड दिसतील. लॅटिनमधल्या 'मोबिले व्हल्गस'चा, म्हणजे चंचल जमावाचा, १७व्या शतकात तोडलेला हा तुकडा, तापटपणा जुनाच. आपण 'मंडळी जमली' आणि 'टोळकं जमलं' यात कधी चुकतो का? तोच कान इथे लाव.

नाटकाला ऑडियन्स, कारण मूळ धातू ऐकण्याचा. वानखेडेवर मॅच बघणारे मात्र स्पेक्टेटर्स. अडलास तर सरळ ग्रुप लिही, बिनधोक आहे. मी एकदा नोकरीच्या अर्जात जुन्या सहकाऱ्यांना गँग म्हटलं होतं. टीम लिहायचं होतं. मुलाखतीत साहेबांनी पहिलं विचारलं, "म्होरक्या कोण, तुम्हीच का?"