पणजोबा कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये, म्हणजे कापड गिरणीत, कामाला होते. जुन्या जनगणनेत त्यांची माहिती सापडेल का?

नाही सापडणार. आधीच सांगून टाकतो, कारण याच नादात माझी दोन वर्षं गेलीत.

तुम्ही लिहिलंय की लंडनच्या सहकाऱ्याला १९२१ च्या जनगणनेत त्याच्या पणजोबांचं नाव, घर आणि मालकाचंही नाव मिळालं, मग आपल्याला १९३१ चं का मिळू नये? तिकडे घरोघर भरलेले तक्ते जपून ठेवतात आणि १०० वर्षांनी खुले करतात. १९२१ चे २०२२ च्या जानेवारीत खुले झाले. आपल्याकडे १९०१ पासून माणशी एक चिठ्ठी करायची, चिठ्ठ्या हातानं वेगळ्या लावून मोजायच्या, अशी पद्धत होती. आकडे छापले गेले, कागद राहिले नाहीत. आणि स्वातंत्र्यानंतरचं म्हणाल तर १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ आडवं येतं: घरच्या माणसालाही नोंद बघता येत नाही.

तरी छापील खंड वाचाच, स्कॅन करून नेटवर आहेत. कोल्हापूर संस्थान होतं, त्यामुळे त्या काळचे आकडे मुंबई इलाख्याच्या खंडांत शोधा. धंदा, जात, शिक्षण, सगळ्याचे तक्ते आहेत. मी एका आकड्यापाशी अडकलो. १८९१ साली संस्थानात ९ लाख १३ हजार माणसं होती, १९०१ साली ९ लाख १०. दहा वर्षांत वाढायची सोडून घटली. मधे दोन दुष्काळ आणि प्लेग. आमच्या घरात ‘पणजोबा दुष्काळात पोटासाठी शहरात आले’ एवढंच एक वाक्य चालत आलं होतं. ते पहिल्यांदा खरं वाटलं.

माणूस मात्र सापडला शाळेत. त्यांच्या नव्हे, ते शाळेत गेलेच नव्हते. त्यांच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळे मजुरांची पोरंही पटावर आली. जुन्या शाळेत अर्ज द्या, दोन-तीन हेलपाटे घाला, जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक पोराची नोंदवही, बघायला मिळतं. आमचं कपाटाच्या वरून काढलं, कडा कुरतडलेल्या. बापाच्या धंद्याच्या रकान्यात आधी ‘मजुरी’ लिहून काट मारली होती आणि वर बारीक अक्षरात ‘गिरणी’. शाहू मिल १९०६ ची, म्हणजे साल जुळत होतं. शाळा सोडल्याचं कारण: घरकाम. वय अकरा. आजोबा आयुष्यभर सांगायचे, मास्तर मारायचे म्हणून सोडली!

त्याच ओळीत मूळ गाव होतं, पन्हाळ्याकडचं. मला हवं होतं ते हेच. गाव कळलं की तहसील कार्यालयात जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्याच्या नोंदी, आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, मागता येते. यातलं बरंच मोडीत असतं. वाचणाऱ्याला पानामागे पैसे द्यावे लागतात, म्हणून आधी मोबाईलवर फोटो काढून नेमकी पानं निवडा. आडनाव शोधत बसू नका. आमचे पणजोबा कुठेच आडनावानिशी नाहीत, सगळीकडे ‘तुका बिन राघू’, म्हणजे राघूचा मुलगा तुका. मी सहा महिने ‘तुकाराम’ शोधत होतो.

मिलमधली त्यांची नोकरी कशी होती, साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते की सूतखात्यात, हे कागदावरून मला कळलं नाही. आजीच्या आठवणीतून कळलं: घरी आले तरी मोठ्यानं बोलायचे, साच्यांच्या आवाजात राहून कान गेले होते. तुमच्याकडे अजून कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर कागद नंतर, आधी त्यांच्याजवळ बसा.

आणि एक, जे मला फार उशिरा सुचलं. आपल्याकडे गावोगाव हेळवी येतात, घराण्याची वंशावळ वहीत ठेवणारे. आमच्या चुलत्यांनी सुगीनंतर फोन केला, ‘हेळवी आलाय, येतोस का?’ तो ओसरीवर बसून एका सुरात नावं वाचत गेला. राघूची मुलं तीन निघाली. तुका, आणि त्याच्याआधी दोन, ज्यांचं नाव आमच्या घरात कुणीच कधी घेतलं नव्हतं. दोघांच्या पुढे वंश नाही. चुलत्यांनी त्याला परत वाचायला लावलं. पायली जोंधळे घेऊन, आमच्या पोरांची नावं वहीत चढवून तो पुढच्या घरी गेला.

गावात तुमचं कुणी असेल तर आजच विचारा, आपला हेळवी कोण आणि यंदा कधी येतोय.