मोपा (गोव्याचं विमानतळ) ते मुंबई स्वस्त फ्लाईट आणि चार तासांनी मुंबईहून लंडन, दोन्ही तिकिटं वेगळी, चालेल का? (राहणार कुडाळ)

नका घेऊ, निदान पावसाळ्यात तरी नकोच. मी सावंतवाडीत तिकीट बुकिंगचंच काम करतो म्हणून सांगतो, पीएनआर (बुकिंग नंबर) वेगळे असले की पहिली फ्लाईट लेट झाली तरी लंडनवाली कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, सरळ नो-शो (प्रवासी आलाच नाही) लावते आणि पैसे गेले. बॅगही पुढे जात नाही, मुंबईत बेल्टवरून उचलायची, परत चेक-इन करायची, त्यात स्वस्त फ्लाईट टर्मिनल 1 ला उतरली तर टर्मिनल 2 ला बाहेरच्या रस्त्याने जावं लागतं, ट्रॅफिक तुमचं नशीब. आणि मेन गोष्ट लोक बघतच नाहीत ती वजनाची, डोमेस्टिकला बहुतेक 15 किलो फुकट, लंडनला बऱ्याचदा 23 च्या बॅगा, म्हणजे वरच्या प्रत्येक किलोचे पैसे मोप्यालाच भरायचे, मग तिकीट स्वस्त कुठे राहिलं?

लंडनची फ्लाईट दुपारनंतरची असेल तर आदल्या रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस (रेल्वे) पकडा, पहाटे मुंबईत, काजूची पिशवी कोणी तोलत नाही. एकाच पीएनआरवर दोन्ही फ्लाईट मिळाल्या तर मात्र चार तास पुरतात, बिनधास्त घ्या.