घाट चढताना गाडी का तापते?
आठ माणसे आणि छतावर सामान घेऊन खंबाटकी चढणारी आपली गाडी तापली, तर दोष बहुधा घाटाचा नसून महिनोन्महिने न पाहिलेल्या कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो. रेडिएटरच्या झाकणातील रबर कडक झाले, की आतला दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळते. या स्वस्तातल्या झाकणाकडे मीही दोन वर्षे दुर्लक्ष केले होते. इंजिन थंड असताना टाकीतली कूलंटची पातळी पाहावी. नळाचे पाणी भरू नये, कारण क्षारांचे थर साचून नळ्या चोंदतात. तापमानाचा काटा चढू लागताच एसी बंद करून, इंजिनची उष्णता ओढून घ्यायला हीटर पूर्ण सुरू करावा, उकाडा सोसावा आणि गाडी बाजूला घ्यावी. झाकण मात्र इंजिन पूर्ण निवेपर्यंत उघडू नये, वाफ थेट तोंडावर येते.